चोरओटीचा पेढा

पोलीसबाई गुरुवारी येणार होत्या आणि शनिवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अरुणाचा जीव दोन्हीकडे टांगणीला लागला होता, पण तिळाच्या वड्या काही आपणहून थापल्या जात नाहीत. म्हणून बुधवारी संध्याकाळी ती गॅसपाशी उभी राहून गुळाचा पाक ढवळत होती आणि मागे तिची मुलगी ऋजुता टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती.

"आई, एक छोटासा टेबल. चहाच्या बाजूला. क्यूआर कोड ठेवणार, दॅट्स इट. ज्यांना साइन करायचंय ते करतील."

"हळदीकुंकवात नाही."

"का पण? सगळ्या बायका एका रूममध्ये असतात. इट्स लिटरली परफेक्ट."

"ऋजुता, हा पाक बिघडला तर वड्यांचे दगड होतील. नंतर बोलू."

हे 'नंतर' गेला महिनाभर चाललं होतं. ऋजुता कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करायची आणि तिच्या वयाच्या मैत्रिणींना घेऊन तिने ब्रिटिश संसदेच्या वेबसाइटवर एक पिटिशन टाकलं होतं. तिथे ते कुणालाही टाकता येतं. आधी पाच जणांनी पाठिंबा द्यायचा, मग ते सगळ्यांसाठी उघडतं, आणि सह्या लाखावर गेल्या की त्यावर चर्चा घ्यायचा विचार खासदारांना करावा लागतो. मागणं साधं होतं. स्वतःच्या पोटातल्या गर्भाचं काय झालं, यासाठी कुठल्याही बाईला गुन्हेगार धरू नये. डॉक्टरांचे नियम आणि मुदती आहेत तशा राहू देत, पण बाईला तुरुंगात घालायचं कलम काढा. ते कलम व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. राणी गेली, तिच्या पणतवंडांची राज्यं येऊन गेली, तरी ते आपलं तिथेच.

पहिल्या पाचांत आईचं नाव असावं अशी ऋजुताची फार इच्छा होती. अरुणा म्हणाली होती, "मी बघते." आपल्याकडे 'मी बघते' म्हणजे काय, ते इंग्लंडात जन्मलेल्या मुलीलाही कळतं.

ब्रिस्टलच्या मराठी मंडळात अरुणामावशी कोण, हे नव्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईहून, नागपुराहून नवरा-बायकोची जोडपी येतात. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी विमानांच्या कारखान्यात, आणि मुलींच्या आया हजारो मैलांवर. मग पहिली संक्रांत, डोहाळजेवण, बारसं, सगळं अरुणा करते. एरवी ती एका प्रायमरी स्कूलच्या ऑफिसात बसून उशिरा येणाऱ्या पोरांच्या आईबापांना शिस्त लावते. अशा बाईला कुणी नाही म्हणत नाही. वर्षानुवर्षं कुणी नाही म्हटलं नाही की माणसाचे कान जरा एकाच बाजूचं ऐकायला लागतात, आणि अरुणाचे लागले होते.

"त्या हॉलमध्ये निम्म्या बायका व्हिसावर आहेत," पाक उतरवून ती म्हणाली. "त्यांचे नवरे म्हणतील, सही केली आणि इथे कायम राहायची परवानगी, ते आयएलआर, अडकलं तर? मधुमतीने ग्रुपवर टाकलंय, नो पॉलिटिक्स. ती सेक्रेटरी आहे."

"साइन केलेल्यांचं नाव कुणालाच दिसत नाही. फक्त माझी नाव दिसते. आणि पॉलिटिक्स?" ऋजुताचा आवाज चढला. "अक्षया पॉलिटिक्स आहे का, आई?"

अरुणाने ताटाला तूप लावायला घेतलं.

अक्षया नागपूरची. दीड वर्षापूर्वी परीक्षितशी लग्न होऊन इथे आली, दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि अरुणाला मावशी म्हणता म्हणता तिच्या स्वयंपाकघरात हक्काने डबे उघडायला लागली होती. सप्टेंबरात, सातव्या महिन्यात, घरीच तिचं बाळ गेलं. अँब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात पलंगाशेजारी पोलीस उभे राहिले. कारण अगदी सुरुवातीला तिने एका क्लिनिकला फोन केला होता आणि पोस्टाने गर्भपाताच्या गोळ्या आल्या होत्या. तेव्हा, दहा आठवड्यांच्या आत, त्या घरी घेणं कायदेशीर होतं. तिने त्या घेतल्या का, घेतल्या तर केव्हा, की नुसत्याच कपाटात पडून राहिल्या, ते तिने फक्त तिच्या वकिलाला सांगितलं होतं. वकिलाने तिला बाकी सगळ्यांपाशी तोंड मिटून ठेवायला बजावलं होतं. पोलिसांनी फोन नेला, लॅपटॉप नेला. खटला उभा राहिला तर त्या जुन्या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पोरगी सव्वीस वर्षांची होती.

आणि त्या फोनमध्ये पोलिसांना एक फोटो सापडला होता. फोटोत अरुणा होती.

गुरुवारी सकाळपासून सतीश, अरुणाचा नवरा, घरात येरझाऱ्या घालत होता. तीस वर्षं विमानांचे पंख तपासलेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीत तडा आधी दिसायचा. "जेवढं विचारतील तेवढंच सांग. आपणहून काही नको. आठवत नाही म्हणायला लाजू नकोस."

"मला सगळं आठवतं," अरुणा म्हणाली.

हेच तर दुखणं होतं.

पोलीसबाईंचं नाव क्लेअर. साध्या कपड्यांत होत्या, ऋजुतापेक्षा फार मोठ्या नसतील. दारात त्यांनी न सांगता बूट काढले. अरुणाला वाटलं, ही बाई वाईट असती तर बरं झालं असतं. चहा घेतला, वडीचा तुकडा तोंडात टाकून 'लव्हली' म्हणाल्या, आणि मग टेबलावर फोटो ठेवला.

मे महिन्यातला फोटो. अक्षया पाटावर बसलेली, हिरव्या साडीत. मांडीवर ओटी: तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. चेहरा ओला, डोळे सुजलेले. आणि उजवीकडून फोटोत घुसलेला एक हात, हिरव्या बांगड्यांचा, अक्षयाच्या तोंडात पेढा भरवणारा.

"हा हात तुमचा?" क्लेअरबाईंनी विचारलं.

"माझा."

"हा कसला समारंभ आहे?"

अरुणाने सांगितलं. चोरओटी. तिसऱ्या महिन्यात, अजून बाहेर कुणाला सांगितलेलं नसताना, घरातल्या घरात गुपचूप भरतात. एरवी मुलीची आई भरते. हिची आई नागपूरला, म्हणून मी भरली. परीक्षितने फोटो काढला, तिच्या आईला पाठवायला. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण केलेल्या लाडाची आता तारीख लागली आहे. गुपचूप भरलेली ओटी, आणि ती सरकारी टेबलावर उघडी पडली होती.

"ती रडतेय," क्लेअरबाई म्हणाल्या.

"हो."

"का रडत होती?"

बाहेरच्या खोलीत सतीशची येरझार थांबली. अरुणाला ते कळलं.

किती सोपं होतं म्हणायला! आमच्याकडे चोरओटीला सगळ्याच मुली रडतात, आईची आठवण येते. खोटंही नव्हतं ते. पण क्लेअरबाई तेवढ्यावर थांबल्या नसत्या, आणि थांबल्याही नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "मिसेस अरुणा, त्या दिवशी किंवा नंतर कधी, आपल्याला हे मूल नको आहे असं ती तुम्हाला म्हणाली होती का?"

अरुणाने फोटोकडे पाहिलं आणि तिला तो दिवस जसाच्या तसा दिसला. परीक्षित फोन घेऊन मागे मागे सरकत होता. अक्षयाने पदराने डोळे पुसले होते, परत भरून आले होते. तिने अरुणाचं मनगट धरलं होतं, घट्ट, आणि म्हणाली होती, "मावशी, मला…"

आणि अरुणाने पेढा तिच्या तोंडात घातला होता. "आज डोळ्यांत पाणी नाही हं. ओटीत नारळ आहे. परीक्षित, काढ फोटो."

फोटो तेवढ्यातलाच होता. 'मला'च्या पुढचा. तो हात नीट पाहिला तर कळत होतं, पेढा भरवत नव्हता, तोंड बंद करत होता.

"नाही," अरुणा म्हणाली. "असं ती म्हणाली नाही."

"नक्की?"

"ती काहीतरी सांगायला लागली होती. मी ऐकलं नाही. मी…" इंग्रजीत शब्द सापडेना म्हणून तिने फोटोतल्या हातावर बोट ठेवलं. "मी तिला सांगू दिलं नाही. नंतर विचारलंही नाही. मी सगळ्यांची मावशी आहे, पण मी एकदाही विचारलं नाही."

क्लेअरबाईंनी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. इंग्रजीत ते फारच स्वच्छ वाटलं. 'She did not tell me.' अरुणाने खाली सही केली. जाताना बूट घालता घालता क्लेअरबाई म्हणाल्या, "याबद्दल तिच्याशी बोलू नका, प्लीज. तिने तुम्हाला काही सांगितलं तर आम्हाला पुन्हा यावं लागेल, आणि मला ते विचारावं लागेल."

दार लागलं तसा सतीश आत आला. आनंद तोंडावर मावत नव्हता. "सुटलो! काय बोललीस! एक शब्द खोटा नाही आणि पोरीला धक्का नाही. वाचली पोरगी तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?" अरुणाने कप इतक्या जोरात सिंकमध्ये ठेवला की त्याचा कान तुटला. "मी तिचं तोंड दाबलं म्हणून वाचली ती! मी ऐकून घेतलं असतं ना, चांगल्या बाईसारखं, तर आज तिला तुरुंगात पाठवायला मीच साक्षीदार झाले असते. कळतंय का तुला? इथे ऐकणारी बाई धोक्याची. न ऐकणारी बरी!"

सतीशला कळलं की नाही कुणास ठाऊक. तो कपाचा तुकडा उचलून बघत राहिला. अरुणा मात्र रडली, अगदी ढसाढसा, आणि तिला समजवायला घरात पेढे नव्हते हे बरंच झालं.

संध्याकाळी तिने ऋजुताला फोन लावला. "टेबल लाव. चहाच्या बाजूला नको, दारापाशी लाव. आणि अक्षयालाही बोलाव. तिच्याकडे फोन नाही, तिला ग्रुपवरचं बोलावणं मिळालेलं नसणार. घरी जाऊन सांग. माझं नाव सांग."

ऋजुताने तिला तेच दोनदा बोलायला लावलं. मग म्हणाली, "आई, आर यू शुअर?"

"नाही. पण ये."

शनिवारी कम्युनिटी हॉलच्या हीटरने नेहमीप्रमाणे दगा दिला होता आणि बायका पैठण्यांवर कार्डिगन घालून बसल्या होत्या. दारात एका बाजूला मधुमती हळदीकुंकवाची कुयरी आणि अत्तरदाणी घेऊन उभी होती आणि दुसऱ्या बाजूला ऋजुताचं टेबल. मधुमतीच्या नाकाला केव्हाच मिरच्या झोंबल्या होत्या. "अरुणाताई, मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं होतं. उद्या कुणाच्या व्हिसाचं काही झालं तर? मग कमिटी काखा वर करणार का?"

"माझ्या नावावर घाल," अरुणा म्हणाली. "तुझ्या काखा आहेत तिथे असू देत."

येणाऱ्या बायका टेबलाकडे पाहून न पाहिल्यासारखं करत होत्या. मीनल नावाच्या एका मुलीने कोड स्कॅन करायला फोन काढला आणि नवऱ्याचा मेसेज आला तसा परत पर्समध्ये टाकला. दोघी-तिघींनी चहा घेता घेता हळूच सही केली असावी. बाकी हॉलभर भाज्यांचे भाव आणि कुठल्या गल्लीला कुठली शाळा मिळते, तेच चाललं होतं.

मग अक्षया आली.

साधी कॉटनची साडी, केस ओढून बांधलेले. इतकी वाळली होती की निम्म्या बायकांनी तिला आधी ओळखलंच नाही. ओळखलं तसा हॉल हळूहळू गप्प होत गेला. मधुमतीने कुंकवात बोट बुडवलं, उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं.

"तुला… चालेल ना गं?" ती म्हणाली. तशी वाईट बाई नव्हती मधुमती. पण हा प्रश्न वाईट होता.

"मी जाते," अक्षया म्हणाली आणि वळली.

अरुणा इतक्या वेगाने आली की तिच्या निऱ्या सुटायच्या बेतात आल्या. तिने मधुमतीच्या हातातून कुयरी घेतली, अक्षयाला खांद्याला धरून आपल्याकडे फिरवलं, आणि हळद लावली, कुंकू लावलं. घाईत कुंकू जरा तिरकं लागलं. तिने ते पुसलं नाही.

अक्षयाने टेबलाकडे पाहिलं. ऋजुताचं पिटिशन तिने पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं असणार. ती वाकली आणि कितीतरी वेळ त्या चार ओळी वाचत राहिली.

"मी करू शकते?" तिने विचारलं.

"ऑफ कोर्स," ऋजुताने आपला फोन पुढे केला. "नाव, ईमेल, पोस्टकोड. मग ईमेलमध्ये लिंक येते, ती दाबायची."

अक्षयाने नाव टाकलं, ईमेल टाकला. लिंक बघायला ईमेल उघडायला गेली. तिथेच थांबली.

"कोड मागतंय," ती म्हणाली. "माझ्या फोनवर पाठवलाय म्हणे."

फोन पोलिसांकडे होता. हे हॉलमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि कुणीही ते कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. जिच्यासाठी सह्या गोळा होत होत्या, तिलाच सही करता येत नव्हती. ऋजुता रडवेली झाली. "पाहिजे तर आपण नवी अकाउंट… हँग ऑन, मी करते काहीतरी…"

पण अक्षया टेबलापासून बाजूला झाली होती. तिचा चेहरा मे महिन्यातल्या फोटोतल्यासारखा झाला. तिने अरुणाचं मनगट धरलं, तसंच, घट्ट.

"मावशी," ती म्हणाली. "मला…"

अरुणाच्या उजव्या हातात तिळगुळाची वडी होती. ती केव्हा उचलली तिलाही कळलं नव्हतं. सवयीने हात वर गेला, अक्षयाच्या ओठांपर्यंत गेला, आणि तिथे थांबला. आता ऐकायचं, असं तिला आतून ओरडून वाटत होतं. आता जे काय असेल ते सगळं ऐकायचं, उभं राहून, रात्र झाली तरी. आणि त्याच क्षणी तिला दारात बूट घालणाऱ्या क्लेअरबाई आठवल्या. तिने सांगितलं तर मला ते विचारावं लागेल. आणि इथे ऐकणारे कान चाळीस होते.

तिने वडी खाली आणली, अक्षयाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं तिच्यावर मिटवली.

"अजून नको, बाळा," ती म्हणाली. "मे महिन्यात ऐकायला हवं होतं, तेव्हा मी तुझ्या तोंडात पेढा कोंबला. आज मला ऐकायचंय तर कायदा ऐकू देत नाही. तू बोललीस तर मला ते त्यांना सांगावं लागेल. तेव्हा बोलू नकोस. पण ज्या दिवशी बोलून चालेल ना, त्या दिवशी मी स्वतः तुझ्या दारात येईन आणि विचारीन. आणि पूर्ण ऐकून घेईन."

अक्षयाने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी कुणी ते थांबवायला सांगितलं नाही.

अरुणा टेबलाकडे गेली, चष्मा लावला, आणि एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव टाकलं. मग ईमेल उघडून लिंक दाबली. हे सगळं व्हायला फार वेळ लागला आणि तोवर हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. मग तिने वड्यांचं ताट उचललं आणि बायकांकडे वळली.

"दरवर्षी मी वाण लुटते," ती म्हणाली. "यंदा देणार नाही, मागणार आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी देऊ नका, मी रागावणार नाही. मीही महिनाभर घाबरले होते. पण या पोरीला तिच्या मावशीशी बोलता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि तोवर कुणीही हिला तिळगूळ देताना गोड बोल म्हणायचं नाही."

मीनलने पर्समधून फोन पुन्हा काढला. मधुमती दारातच उभी होती, कुंकवाने भरलेलं बोट घेऊन. मग तिने ते रुमालाला पुसलं, टेबलापाशी आली आणि ऋजुताला अगदी हळू आवाजात विचारलं, "नाव खरंच दिसत नाही ना गं?"

"नाही, मधुमतीकाकू. कुणालाच नाही."

मधुमतीने एकवार अक्षयाकडे पाहिलं. मुठीत वडी धरून ती भिंतीपाशी बसली होती आणि कपाळावरचं कुंकू तिरकंच होतं.

"दिसलं तरी टाक," मधुमती म्हणाली, आणि फोन पुढे केला.